आठवण आली की ओढायचं

माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे घरातल्या सगळ्यांची दुखणी मला न विचारता कळतात. आधी भाच्याने भाजल्यावरचं मलम नेलं. चांगला सहा फुटी घोडा, पण लहानपणीचं टिल्लू हे नाव अजून चिकटलेलं. काही दिवसांनी पुन्हा आला आणि म्हणाला, "आत्या, जाड रबरबँड आहे का गं? पातळ तुटतात."

मी हात धरून त्याची बाही वर केली. मनगटाची पार वाट लागली होती. लाल वळ, मध्ये मध्ये सोललेलं.

टिल्लूचं एका मुलावर प्रेम आहे. त्याने ते बापाला सांगितलं आणि माझ्या भावाने त्याला नेलं एका मानसोपचारवाल्याकडे. त्या शहाण्याने उपाय दिला, तो मुलगा मनात आला की मनगटावरचं रबर ओढून सोडायचं. म्हणे सवय मोडते. नाहीच मोडली तर उद्यापासून विजेचे झटके.

"मग, विसरलास त्याला?"

"कुठलं गं. आता रबर दिसलं तरी तोच आठवतो."

माझं डोकंच फिरलं. जो आजारच नाही त्यावर इलाज करणाऱ्याला काय म्हणायचं? मी शटर खाली ओढलं आणि टिल्लूला घेऊन तडक दादाचं घर गाठलं.

दादा चहा गाळत होता. कप दोन. वहिनी जाऊन वर्ष झालं तरी हा तिचा कप मांडतो, आणि आम्ही कुणी त्यावरून त्याला बोलत नाही.

"उद्याचं रद्द कर," मी म्हटलं.

"तू यात पडू नकोस. त्याच्या भल्याचंच आहे. मनाची सवय मोडली की मोडते."

"असं? आण हात." दुकानातलं जाडातलं जाड रबरबँड मी त्याच्या मनगटावर चढवलं. "वहिनी आठवली की ओढायचं. मोड सवय."

"काहीतरीच काय! ती माझी बायको होती."

"आणि तो त्याचा कोण आहे, विचारलंस कधी?"

दादा हट्टी. माझ्याकडे रोखून बघत त्याने रबर ताणलं आणि सोडलं. नजर कपाकडे गेली, पुन्हा ओढलं. मग खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीकडे. डोळे भरले, पण गडी मागे हटेना. मलाही बघवत नव्हतं, पण मी त्याचीच बहीण, थांब म्हटलं नाही.

टिल्लूला मात्र राहवलं नाही. त्याने पुढे होऊन बापाच्या हातातलं रबरबँड हळूच काढून घेतलं. "नको ना बाबा. फार ठणकतं नंतर."

दादाने त्याचा हात धरला. बाही वर सारली आणि बघतच राहिला. रोज एकाच टेबलावर जेवतात दोघं.

"फोन दे," शेवटी तो म्हणाला. "उद्याचं रद्द करतो."

माझा राग काही उतरला नव्हता. दुकानातून येताना उचललेली मलमाची ट्यूब मी त्याच्यापुढे आपटली.

"फोन मी करते. त्या माणसाला चार शब्द सुनावायचेत मला. तू हे लाव त्याला."