पालटून तोललेला प्रकाश

काटेवाल्यांची मुलगी प्रकाश तोलते, ही बातमी सगळ्या गल्लीला ठाऊक होती, आणि ती पसरवण्याचं काम खुद्द काटेवाल्यांनी अंगावर घेतलं होतं. न्हाव्याला सांगून झालं, औषधवाल्याला सांगून झालं, पोस्टमनला तर उभ्या उभ्या दोनदा सांगून झालं. बिचारा दुसऱ्यांदाही "अरे वा" म्हणाला. माणूस चांगला होता.

काटेवाल्यांचा धंदा म्हणजे तराजू बनवणं आणि बिघडलेले तराजू ताळ्यावर आणणं. सोनारांचे, औषधवाल्यांचे, प्रयोगशाळांचे, सगळे नाजूक जिवाचे काटे त्यांच्याकडे यायचे. दुकान त्यांच्या आजोबांचं. त्या दुकानात दोन गोष्टी आजोबांपासून चालत आल्या होत्या. पहिली म्हणजे कुठलीही वस्तू एकदा तोलून भागायचं नाही. डाव्या पारड्यातलं उजव्यात घालायचं, उजव्यातलं डाव्यात, आणि पुन्हा तोलायचं. दोन्ही वेळा तेच आलं तर बोलायचं, नाही तर तोंड बंद ठेवायचं. याला दुकानात 'पालट' म्हणत. दुसरी गोष्ट अशी, की काटा पुरा झाला की त्याच्या दांडीखाली लाल लाखेचा एक ठिपका लावायचा. गिऱ्हाइकाला तो सहसा दिसतही नसे. पण काटेवाल्यांना तो आहे हे माहीत असायचं, आणि तेवढ्यावर त्यांना शांत झोप लागायची.

मुलगी लहानपणी या दुकानातच वाढली. अंगाने एवढीशी आणि हट्ट डोंगराएवढा, म्हणून घरात तिला मुंगी म्हणायचे. बटणं तोलायची, बिया तोलायची, आईचे कानातले तोलायची, आणि आकडा घेऊन बापाकडे धावायची. बाप मान वरसुद्धा न करता म्हणायचा, "पालटलंस?" मुंगी पाय आपटत परत जायची. आता ती पदार्थविज्ञानाच्या मोठ्या संस्थेत होती, हाताखाली चार माणसं होती, तिथे तिला मॅडम म्हणायचे. घरी मात्र मुंगीची मुंगीच.

ती नेमकं काय करते हे काटेवाल्यांना समजायला जरा वेळ लागला, हे कबूल केलं पाहिजे.

"वजन नाही बाबा, धक्का," ती जेवताना सांगत होती. "प्रकाशाला वस्तुमान नसतं. पण त्याच्यात ऊर्जा असते, आणि ज्याच्यात ऊर्जा आहे तो जाऊन आदळला की ढकलतो. आरशावर पडून परत फिरला तर दुप्पट ढकलतो. तो धक्का मला मोजायचाय."

"वस्तुमान नाही आणि ढकलतो," काटेवाले बायकोकडे बघत म्हणाले. "तुझ्या भावासारखं झालं. काम काही नाही, पण घरात आला की सगळे बाजूला सरकतात."

"माझ्या भावाला मध्ये आणू नका," बायको म्हणाली.

"आणि ऊर्जा न् वस्तुमान काही परके नाहीत एकमेकांना," मुंगी पुढे म्हणाली. "तुमची बॅटरी आहे ना, ती पेटवून ठेवली तर हलकी होते. प्रकाश बाहेर पडला, थोडी ऊब गेली, तेवढी ऊर्जा गेली. आणि ऊर्जा गेली म्हणजे तेवढं वस्तुमानही गेलं."

हे तिने सहज सांगितलं आणि ती आंघोळीला गेली. काटेवाल्यांच्या मात्र डोक्यात भुंगा शिरला. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी आपल्या सगळ्यात नाजूक काट्यावर बॅटरी तोलली, पालटून तोलली, मग पेटवून ठेवली ती अगदी मिणमिणेपर्यंत, आणि पुन्हा तोलली. काटा जागचा हलला नाही. त्यांनी दांडी पुसली, ती ज्या धारेवर टेकते ती धार तपासली, पारडी धुतली. गिऱ्हाईक ताटकळत बसलेलं. संध्याकाळी मुंगी आली तर बाप गालाला हात लावून बसलेला.

"काटा गेला आपला," ते म्हणाले. "आजोबांच्या वेळचा. फरकच दाखवत नाही."

मुंगी हसून हसून खाली बसली. "अहो, तो फरक जगातला कुठलाच काटा दाखवणार नाही. इतका छोटा आहे तो. काट्याला बोल लावू नका."

जीव भांड्यात पडला खरा, पण ते मनाला लागून राहिलं. काट्याला न दिसणारं वजन ही त्यांना काटेवाल्यांच्या घराण्याची बदनामीच वाटत होती. म्हणून मुंगीने जेव्हा विचारलं की संस्थेत आणलेली दांडी थरथरते, तुम्ही करून द्याल का, तेव्हा ते दुकानाला अर्धा अर्धा दिवस टाळं लावून कामाला बसले. पितळ घासलं, बिघडवलं, फेकलं, पुन्हा घासलं. शेवटी अशी दांडी जमली की शेजारी कुणी उसासा टाकला तरी डोलावी आणि सोडलं की मुकाट जागेवर यावी. तिच्या एका टोकाला चिमट्यात दोन्ही बाजूंनी लखलखीत असा छोटा आरसा आडवा बसवला, दुसऱ्या टोकाला त्याच्या तोलाचं वजन. सगळं काचेच्या पेटीत. खालून लेसरचा झोत आरशावर सोडला की आरसा हलका झाल्यासारखा वर उचलला जायचा, वरून सोडला की तेवढाच खाली दबायचा. धक्का केवढा, तर वाळूच्या एका बारीक कणाच्या भाराएवढा. लोखंडाचे पत्रे कापणारे ते लेसर, त्यांची ताकद एवढ्याशा धक्क्यावरून मोजायची, असा सगळा खटाटोप. संस्थेत पालटून पालटून पाहिलं. वर आणि खाली, आकडे जुळत होते.

आता बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांनी हा काटा मान्य केला तर पुढे सगळ्या कारखान्यांचे लेसर याच्यावरून तपासले जाणार. नाही केला तर काम बंद, पेटी अडगळीच्या खोलीत. संस्थेच्या संचालकबाईंनी मुंगीला स्पष्टच सांगितलं होतं की हे परीक्षक पुन्हा फिरकत नाहीत.

त्या दिवशी काटेवाले ठेवणीतला कोट घालून सकाळीच हजर झाले. चिमट्याचा स्क्रू एकदा हाताखालून घालतो म्हणाले. मुंगीने पेटी उघडून दिली आणि पाहुण्यांना आणायला खाली गेली. स्क्रू ठीकच होता. मग काटेवाल्यांनी कोटाच्या खिशातून लाखेची कांडी काढली. तीन पिढ्यांत दुकानातून बिनठिपक्याचा काटा बाहेर गेला नव्हता, आणि हा तर सगळ्या काट्यांचा राजा. त्यांनी लायटरवर कांडी तापवली आणि चिमट्याच्या खाली, कुणाच्या नजरेला पडणार नाही असा, मोहरीएवढा लाल ठिपका ठेवला. पेटी लावली. स्टुलावर जाऊन बसले. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी रुमालाने गुपचूप टिपले.

परीक्षक तिघे होते. त्यातल्या मोठ्या परीक्षकांचे केस पांढरे, बोलणं मोजकं. त्यांनी आपला नेहमीचा मापक आणला होता. त्यात लेसरने पाणी तापायचं आणि त्यावरून ताकद कळायची. त्यावर आधी लेसर मोजून झाला. मग मुंगीने खालून झोत सोडला. काटा वर गेला, थांबला. आकडा त्यांच्या मापकाशी अगदी तंतोतंत जुळला.

"छान," मोठे परीक्षक म्हणाले. संचालकबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. काटेवाल्यांनी कोटाची कॉलर नीट केली.

"आता पालटूया," मुंगी म्हणाली.

हा शब्द त्या चकाचक खोलीत, त्या कोटबूटवाल्यांसमोर ऐकला आणि काटेवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आजोबांचा शब्द होता तो. तिने आरसे फिरवून झोत वरून सोडला. काटा दबला, थांबला.

आकडा कमी होता. फार नाही, पण डोळ्यात खुपण्याइतका.

मुंगीने झोत बंद केला, पुन्हा खालून, पुन्हा वरून. तेच. तिच्या कपाळावर आठी पडली. ती काट्याकडे वाकून बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "उशिरा परततोय."

"म्हणजे?" संचालकबाईंनी विचारलं.

"प्रकाश थांबवला की धक्का त्याच क्षणी संपतो. काटा लगेच शून्यावर आला पाहिजे. हा थोडा वर रेंगाळतो आणि मग येतो. रेंगाळते ती उष्णता. आत काहीतरी तापतंय. त्याच्या भोवतालची हवा गरम होऊन वर जाते आणि आरशाला उचलते. खालून तोलताना ते माझ्या आकड्यात मिळतं, वरून तोलताना वजा होतं. पण कालपर्यंत हे नव्हतं."

काटेवाल्यांना सकाळचा ठिपका आठवला. लाख काळपट लाल, इकडेतिकडे सांडलेला प्रकाश ती पिऊन टाकणार आणि तापणार. एवढं त्यांना समजायला कुणाची गरज नव्हती. उन्हात ठेवलेली कांडी मऊ होते हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचे कान लाल झाले.

मोठे परीक्षक समजुतीच्या सुरात म्हणाले, "पहिलं मोजमाप आमच्या मापकाशी जुळलंय. दुसऱ्यात थोडी झुळूक लागली असेल. आम्ही पहिलं धरायला तयार आहोत."

संचालकबाईंनी मुंगीकडे असं पाहिलं की धर आता, हातचं सोडू नकोस.

"तुम्ही धराल हो," मुंगी म्हणाली. "मला नाही धरता येणार. पालटल्यावर जुळत नाही तो आकडा आमच्याकडे आकडा नसतो. काय बिघडलंय ते सापडेपर्यंत मी काही सांगू शकत नाही. तुम्हाला थांबायला वेळ नसेल तर राहू द्या."

आवाज शांत होता, पण ओठ थरथरत होता. तो ओठ काटेवाल्यांना ओळखीचा होता. बटणांचा आकडा चुकला की असाच थरथरायचा.

गप्प बसणं सोपं होतं. पोरगी हट्ट सोडेल, परीक्षक सही करतील, ठिपका राहील, संध्याकाळी गल्लीत पेढे नाही तरी गप्पा वाटता येतील. काटेवाल्यांना हे सगळं दिसलं आणि स्वतःची लाज वाटली. ती तिकडे सगळं पणाला लावून दुकानाची रीत पाळत होती, आणि दुकानाचा मालक स्टुलावर बसून होता.

ते उठले. "ठिपका माझा आहे," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. मुंगीला कळलं.

"चिमट्याच्या खाली. लाखेचा. सकाळी लावला, तू खाली गेलीस तेव्हा. दुकानाची खूण." मग परीक्षकांकडे वळून म्हणाले, "साहेब, यात तिची काही चूक नाही. काटा चांगला आहे. मी बिघडवला."

मुंगीचा चेहरा रागाने लाल झाला. "बाबा, विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"म्हणून नाही विचारलं," काटेवाले म्हणाले. सगळ्यात धाकटा परीक्षक हसू दाबायला खोकला. "स्पिरिट आहे का इथे? आणि थोडा कापूस."

"मी काढते."

"नाही. मी लावला, मीच काढणार."

त्यांनी कोट उतरवून स्टुलावर ठेवला, बाह्या सारल्या. पेटी उघडली. साठीतला हात, पण चिमट्यापाशी गेला तेव्हा दगडासारखा स्थिर. स्पिरिटने लाख सुटली, कापूस गुलाबी झाला. त्यांनी दुसऱ्या कापसाने पुन्हा पुसलं, भिंग लावून पाहिलं, तिसऱ्याने पुसलं. दुकानातल्या एकाही काट्यावरचा ठिपका आजवर कुणी पुसला नव्हता. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं, पण हात थांबला नाही.

पेटी लावली. हवा निवळेपर्यंत सगळे थांबले, अगदी मोठे परीक्षकसुद्धा. त्यांना वेळ नाही हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं.

खालून झोत. काटा वर गेला. झोत बंद, आणि काटा तत्क्षणी शून्यावर. वरून झोत. काटा दबला, तेवढाच. मुंगीने पुन्हा केलं, पुन्हा तेवढाच. वर आणि खाली, जणू एकाच पारड्यात तोललं होतं.

"आता बोलते," मुंगी म्हणाली, आणि तिने आकडा सांगितला.

मोठ्या परीक्षकांनी आपल्या मापकाकडे पाहिलं. "आमच्यापेक्षा थोडा कमी आला."

"हो."

"म्हणजे आमचा जास्त दाखवतोय."

"तो पालटता येत नाही ना," मुंगी म्हणाली. यात टोमणा नव्हता, ती खरंच हळहळली होती.

मोठे परीक्षक पेटीवर वाकले. "या काट्यावर आमचे मापक तपासून घ्यावे लागतील," ते म्हणाले. "कुणी बनवला?"

मुंगीने बापाकडे बोट दाखवलं. डोळे पाणावलेले, राग अजून पुरता उतरला नव्हता, आणि तरी बोट दाखवताना ती अशी ताठ उभी होती की काटेवाल्यांनी मान खाली घालून उगाचच बाह्या सरळ केल्या.

संध्याकाळी घरी बायको दारातच उभी होती. "झालं का मान्य?"

"झालं."

"आणि ठिपका लावलात?" नवऱ्याच्या खिशातली कांडी तिने सकाळीच पाहिली होती. नवऱ्याचे खिसे तिला पाठ होते.

"लावला."

"बरं झालं."

"पुसला."

"आपला ठिपका? कुणी पुसला?"

काटेवाल्यांनी अंगठा पुढे केला. नखाच्या कडेला लाखेची लाली राहिली होती, दिवसभर त्यांनी ती धुतली नव्हती. "मी," ते म्हणाले. "मुंगीने नुसतं पालटून तोललं."