आबासाहेबांची यादी

झरीच्या आबासाहेबांना नाद एकच, पण भारी. पुण्याला दरसाल अनुवादित रहस्यकथेचा पुरस्कार देतात, त्याच्या शर्यतीत कोणती पाच पुस्तकं येणार हे आबा आधीच सांगायचे. वाचनालयाच्या ग्रुपवर त्यांची यादी पडली की वाचणारी सगळी परभणी ती बघायची. बारा वर्षांत अंदाज चुकला नाही, अन् टाकलेली यादी त्यांनी कधी माघारी घेतली नाही. लोकांना काय ठाऊक, आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! पुस्तकं वाचून दाखवायची सून राजेश्री, मोबाईलवर यादी लिहायची तीही राजेश्रीच. मान तेवढा आबांचा.

यंदा मात्र ती पुरती कोंडीत सापडली होती. चारठाण्याचे तिचे आजोबा निजामाच्या काळात शिकलेले, त्यांनी नातीला उर्दू शिकवली होती. त्या बळावर तिनं तीन वर्षं चोरून एका उर्दू रहस्यकथेचा मराठी अनुवाद केला, 'र. चारठाणकर' या नावानं. आता प्रकाशकाचा निरोप आला होता: उद्यापर्यंत खरं नाव जाहीर करा, नाहीतर पुस्तक शर्यतीतून बाद. करणार कसं? मागं तिचं साधं पत्र पेपरात छापून आलं, तर आबा आठ दिवस तिच्या हातचं पाणी प्याले नव्हते. "आपल्या घरातल्या बाईचं नाव पेपरात एकदाच येतं," ते म्हणाले होते, "ते बी निधनवार्तेत." नवऱ्याला सांगावं, तर हरिओम बापापुढं भिजलेलं मांजर.

त्या दिवशी दिवेलागणीला ती आबांना तेच पुस्तक वाचून दाखवत होती. खुनी सापडायच्या बेतात आला अन् लाईट गेली. राजेश्री आपली वाचतच राहिली. एक पान झालं, दुसरं झालं. मग ध्यानात आलं, अन् ती थबकली.

"थांबलीस कशाला?" आबा म्हणाले. "पंखा बंद पडून लय वेळ झाला. तुला अंधारात दिसायलंय व्हय?"

तिनं पुस्तक मिटलं.

"चारठाणा तुझं माहेर." जन्मभर पुस्तकातले खुनी पकडलेला माणूस तो, घरातला चोर त्याला कितीसा लांब! "पुस्तक एक नंबर हाय. पर यादीत घ्यायचं न्हाई. अन् त्या प्रकाशकाला कळव, र. चारठाणकर वारला म्हणून."

वारला! राजेश्रीला आधी रडू आलं, मग संताप आला.

लाईट आल्यावर आबांनी दुसरी पाच पुस्तकं सांगितली. प्रत्येकापुढं अनुवादकाचं नाव अन् गाव, हा त्यांचा दरसालचा रिवाज. तिनं चार लिहिली. पाचवं गाळलं, अन् सगळ्यांच्या वर आपलं पुस्तक घातलं. अनुवाद: राजेश्री हरिओम, झरी. आबांच्याच मोबाईलवरून यादी ग्रुपवर टाकून दिली अन् मोबाईल त्यांच्या हातात ठेवला.

पाच मिनिटांत वाचनालयाच्या दिनकररावांचा फोन. त्यांचा आवाज असा मोठा की खोलीभर ऐकू यावा. "आबासाहेब, पहिल्या नंबराला तुमच्या सूनबाईचं नाव हाय! चुकून पडलं का काय?"

आबांचं तोंड उतरलं. राजेश्री दाराची चौकट धरून उभी राहिली. चुकलं म्हणावं तर बारा वर्षांची इज्जत जाते, बरोबर म्हणावं तर सुनेचं नाव चव्हाट्यावर.

"हॅलो? आबासाहेब?"

"दिनकरराव," आबा कसंबसं म्हणाले, "माझा अंदाज कधी चुकलाय का?"

आबांनी फोन ठेवला. मग तिच्या दिशेनं मान वळवली.

"खुनी अजून सापडायचा हाय," ते म्हणाले. "वाच. पुस्तक मिटून वाचलंस तरी चालंल आता."