रविवारच्या मतांची सायकल

मित्रांनो, वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर दोन हुकांना टांगलेली ती गडद हिरवी सायकल मीच. डोंगरातल्या वाटांसाठी मला बनवलं. माझं वय अकरा वर्षं, पण आम्हा सायकलींमध्ये अकराव्या वर्षी आजीबाई म्हणतात. माझ्यामागून आलेल्या कितीतरी जणींचं कौतुक झालं, मग त्यांना नावं ठेवून झाली आणि आता त्या भंगारातही गेल्या. मी भंगारात गेले नाही आणि फारशी चाललेही नाही. असं कसं झालं, तेच सांगायचं आहे. जरा टेका इथे.

मला घडवणाऱ्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. आयुष्यभर त्यांनी पोस्टमनच्या आणि दूधवाल्यांच्या सायकली बांधल्या. लोखंडी नळीला नळी पितळेनं जोडायची, तो जोड कानशीनं घासायचा आणि मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचं, ही त्यांची पद्धत. बोटाला काही लागलं, तर पुन्हा घासायचं. वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची मुलगी, अशी दोघंच राहत. मुलगी अंगानं एवढीशी, पण बोलायला लागली की समोरच्याला चटका बसायचा. म्हणून तिचं नाव पडलं टिचकी.

टिचकीला डोंगराचं वेड. दरवर्षी तिथे वरच्या मनोऱ्यापासून खालच्या तळ्यापर्यंत सायकलींची शर्यत होते आणि पहिल्या तिघांना संघात घेतात. एकोणिसाव्या वर्षी ती कुणाची तरी मागून आणलेली, दोन मापं मोठी सायकल घेऊन उतरली आणि चौथी आली. घरी येऊन गुडघ्याला औषध लावता लावता म्हणाली, "बाबा, मापाची सायकल असती ना, तर तिसऱ्याला मागे टाकलं असतं."

मिस्त्रींच्या मनाला ते लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पोरीला उभं करून माप घेतलं आणि वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं मला काढलं, अगदी खऱ्या मापाची. ती पहिली मी फार देखणी नव्हते. आखूड होते, चाकं लहान होती. पण टिचकी त्या रेघांवर उभी राहिली, हात पुढे करून हवेतलं हँडल धरलं आणि हसली. मला तिचं ते हसणं अजून दिसतं.

मग रविवार आला.

रविवारी दहाला वर्कशॉपमध्ये तीन शौकीन जमत. एक दातांचे डॉक्टर, एक गणिताचे मास्तर आणि तिसरे कापडदुकानवाले, सव्वासहा फूट उंच, त्यांना सगळे उंटराव म्हणत. पुढच्या वर्षी कोणत्या सायकली येणार, त्यांचे फोटो कुठून कुठून मिळवायचे, फोनवर मोठे करून बघायचे आणि त्यावर मतं द्यायची, हा त्यांचा नेम. न आलेल्या सायकलींवरून ते असे भांडत, की ऐकणाऱ्याला वाटावं घराची वाटणी चालली आहे. खरं सांगायचं, तर तिघांत मिळून तो डोंगर चढलेले एकटे उंटराव, आणि तेही जीपनं.

हातात चहाचे कप घेऊन तिघं माझ्या रेघांभोवती उभे राहिले.

"मिस्त्री, पुढच्या चाकाचा काटा फार उभा धरलात हो," डॉक्टर म्हणाले. "येणारी मॉडेलं बघा. काटा कसा आरामखुर्चीसारखा कललाय."

"आणि चाकं सव्वीस इंची?" मास्तर म्हणाले. "अहो, आता एकोणतीसच्या खाली कोणी बोलतसुद्धा नाही."

"लांबी वाढवा, लांबी," उंटराव म्हणाले. "लांब सायकल म्हणजे दगडासारखी स्थिर. पुढे सगळ्या लांबच येणार, लिहून ठेवा."

मिस्त्रींनी ओलं फडकं घेतलं आणि माझी एक रेघ पुसली. पुढच्या रविवारी दुसरी पुसली. माझ्या आतून ब्रेकची तार न्यायची की बाहेरून, यावर तीन रविवार गेले. बाहेर उभ्या असलेल्या तिघांच्याही सायकलींच्या तारा बाहेरूनच होत्या, पण तो मुद्दा कोणी काढला नाही.

तुम्ही म्हणाल, मिस्त्री वेडे होते का? मुळीच नव्हते. सातवीत शाळा सुटलेला माणूस तो. जन्मभर लोक त्यांना "झाली का सायकल?" एवढंच विचारत आले. आता डॉक्टर आणि मास्तर त्यांच्या फरशीशी वाकून "मिस्त्री, तुम्हाला काय वाटतं?" म्हणत होते. त्यांची छाती भरून येत होती. आणि खोटं कशाला बोलू, मीही हुरळले होते. नुसती खडूची होते, तरी मला वाटायला लागलं की जगात पुढे जे काही येणार आहे, ते आधी माझ्यात येणार.

एका रविवारी टिचकी औषधांच्या दुकानात कामाला निघाली होती. तिथे रविवारी तिची पाळी असायची. दारातच थबकून तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, हँडल मला लांब पडेल हं."

"अगं, सवय होईल," मिस्त्री फडकं पिळत म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, पुढे सगळ्या अशाच येणार."

ती कामावर निघून गेली. पुन्हा त्यावर काही बोलली नाही.

मी पुरी झाले त्या दिवशीही रविवारच होता. टिचकी कामावर होती, म्हणून मापाला उंटराव बसले. त्यांना मी अगदी मापाची झाले. मग तिघांनी मला आळीपाळीनं दोन बोटांनी उचलून पाहिलं. शौकीन लोकांची ही रीतच आहे, चालवण्याआधी उचलतात. "वा! पीस आहे पीस!" डॉक्टर म्हणाले. माझे फोटो निघाले, इंटरनेटवर चढले आणि मला कधी न भेटलेल्या शेकडो लोकांनी माझी वाहवा केली. माझा काटा, माझी लांबी, माझी मोठी चाकं, सगळं काळाच्या पुढचं आहे म्हणाले. मिस्त्री तो प्रत्येक शब्द टिचकीकडून दोन-दोनदा वाचून घेत. तीही वाचून दाखवी.

ती पहिल्यांदा माझ्यावर बसली, तेव्हा मला सगळं कळलं. माझ्या हँडलपर्यंत पोचताना तिचे दोन्ही हात काठीसारखे ताठ झाले. ब्रेक धरायला बोटं ताणावी लागत. उतारावर ती मागे सरकली, की माझं मोठं चाक तिच्या पँटला घासे. मी रस्त्याला घट्ट धरून होते, पण माझ्यावरच तिची पकड नव्हती. आम्ही परत आलो तेव्हा मिस्त्री दारात उभे होते, हात पुसत, तोंडभर हसत.

"कशी आहे?"

टिचकीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एवढी फटकळ पोर, पण त्या वेळी तिची जीभ रेटली नाही. "मस्त आहे, बाबा," ती म्हणाली.

मला बोलता आलं असतं, तर मी ओरडले असते.

शर्यतीत निम्म्या उतारापर्यंत ती दुसरी होती. माझ्यामुळे नव्हे, तिच्या जिद्दीमुळे. मग एक उघडं, खडीचं वळण आलं. तिथे अंगाचा भार पुढच्या चाकावर टाकावा लागतो. तिनं टाकायचा प्रयत्न केला, पण पुढे यायला हात दुमडायला हवेत ना? ते आधीच ताठ. माझं पुढचं चाक सरकलं. ती उजव्या कोपरावर खडकावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझ्या नळीला साधा पोचाही आला नाही, आणि त्याची मला आजवर लाज वाटते.

दवाखान्यातून आल्यावर तिनं सगळ्यांना एकच सांगितलं, "माझी चूक. ब्रेक उशिरा दाबला."

रविवारी तिघं आले. मला खाली ठेवून, चाकं फिरवून, सगळीकडून तपासलं. डॉक्टर हळहळत म्हणाले, "सायकलीत काही खोट नाही हो मिस्त्री. डिझाइन पुढच्या काळाचं आहे, चालवणारी जरा कमी पडली."

मिस्त्रींची मान होकारानं हलली. मी ते पाहिलं, आणि हात गळ्यात बांधून जिन्यावर बसलेल्या टिचकीनंही पाहिलं.

कोपर भरून आलं, पण हात पुरता सरळ होईना. ती पुन्हा सायकलीवर बसली नाही. वर्षभरात लांबच्या मोठ्या शहरात नोकरी धरून निघून गेली. जाताना चिडली नाही, भांडली नाही. मिस्त्रींनी मला हुकांना टांगलं आणि वरून चादर टाकली. नऊ वर्षं मी तिथेच होते. खाली रविवार चालूच राहिले. पुढे पुढे चादरीतून मला ऐकू येई, "इतकी लांब सायकल म्हणजे चूकच होती. आता जरा आखूडच येणार." कोणाला माझी आठवण नव्हती. मला हसावं की रडावं कळेना.

मागच्या वर्षीची गोष्ट. मिस्त्रींनी स्वतःची सायकल एका पोस्टमनला वापरायला दिली होती आणि पितळेची कांडी आणायला उताराखालच्या दुकानात जायचं होतं. दुपारी दुकान बंद होईल म्हणून त्यांनी घाईनं मला खाली काढलं, हवा भरली आणि बसले. बरं का मित्रांनो, घडवल्यापासून ते माझ्यावर पहिल्यांदाच बसत होते. वयानं पाठ वाकली होती, अंग आखडलं होतं. ते आता जवळजवळ टिचकीएवढेच झाले होते.

गल्लीच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबायला बोटं लांबवली. पोचेनात. पुढे झुकायला गेले, तर झुकता येईना. शेवटी पाय घासत, एका कुंपणाला खांदा देऊन थांबले. मग दुकानात गेलेच नाहीत. मला हातानं ढकलत चढ चढून आले, स्टुलावर बसले आणि फोन लावला.

"टिचके, तुझे हात पोचत नव्हते ना हिच्यावर?"

"आज काय काढलंत हे, बाबा?"

"सांग तू."

"नव्हते पोचत."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले होते की. एकदा. फरशीवर काढली होतीत तेव्हा."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. खूप आठवून पाहिलं. "मला आठवत नाही," ते म्हणाले. आणि मित्रांनो, त्यांना खरंच आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कापलं. पुढच्या दोन नळ्या काढून चार बोटं आखूड बसवल्या. एक रविवार वर्कशॉप बंद ठेवलं, तिघांना बाहेरूनच परत धाडलं. वय झालं होतं, तरी जोड पूर्वीसारखेच गुळगुळीत झाले. पोरीला फोन करून माप विचारावं, हे काही त्यांना सुचलं नाही. तिचं माप माझ्या डोळ्यांत आहे, असं स्वतःशीच पुटपुटत होते.

टिचकी सुट्टीत आली. मिस्त्रींनी मला तिच्यापुढे उभं केलं. ती माझ्यावर बसली. डावा हात अलगद पोचला. उजवा मात्र मध्येच थांबला. कोपर सरळ होत नाही ना! मिस्त्रींच्या डोळ्यांतलं माप एकोणीस वर्षांच्या पोरीचं होतं. तेव्हा तिचे दोन्ही हात धड होते.

तिनं बाबांकडे पाहिलं. ते दारात उभे होते, हात पुसत. "मस्..." ती म्हणाली आणि थांबली. मग हळूच म्हणाली, "बाबा, हा हात पोचत नाही."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"किती कमी पडतो?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोन बोटं असेल."

"दाखव. नीट दाखव. दुखतो का? असा धरला तर? आणि असा?"

ते कितीतरी वेळ विचारत राहिले आणि ती सांगत राहिली. मध्येच ती म्हणाली, "डोंगरावर नाही जाणार हं मी आता. उताराची भीती वाटते." ते ऐकून मिस्त्री खाली बसले आणि तिच्यासमोर रडले. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "उठा बाबा, फरशी गार आहे," एवढंच म्हणाली.

त्यांनी लोखंडी नळी तापवून नवं हँडल केलं. डावीकडे सरळ, उजवीकडे दोन बोटं मागे वळलेलं. माझ्यावर बसून ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. तिचं तेवढं जाणं-येणं माझ्या जन्माला पुरलं, आणि पुरलं नाहीही. जे दिवस डोंगरावर जायचे होते ते गेले, ते कोणी कापून-जोडून परत आणू शकत नाही.

ती नोकरीवर परतली. रविवारी तिघं आले. उंटरावांनी मला पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "अहो मिस्त्री, हँडल वाकडं झालंय की!"

"बरोबर आहे ते," मिस्त्री म्हणाले आणि कानस घेऊन आपल्या कामाला लागले.

मित्रांनो, मत जरूर द्या. पण ज्याला बसायचं आहे त्याला आधी विचारा, आणि तो हळू आवाजात सांगत असला तर हातातलं फडकं खाली ठेवून ऐका. माझ्यासाठी एकच मागणं आहे. कधी या वर्कशॉपमध्ये आलात, तर भलं करायच्या भरात माझं हँडल सरळ करू नका.