मोरीचं दार

केशवरावांनी मोरीच्या दाराकडे हात नेला आणि मागे घेतला. आतून खोकला येत होता. साधासुधा नव्हे, आतडी पिळून काढणारा. आत उषा होती, त्यांच्या धाकट्या भावाची, मुकुंदाची बायको. केशवराव तिचे भासरे. भासऱ्यानं भावजयीशी बोलू नये, तिच्या वाऱ्याला उभं राहू नये, ही त्यांच्या घरची रीत. लग्नाला चार वर्षं झाली, पण दोघांत एक शब्द नव्हता. पांढुर्ण्याच्या घरी मधे निरोप सांगायला आई होती. सौंसरच्या या सरकारी क्वार्टरात कोण होतं? मुकुंदा तर कचेरीत.

मुकुंदाला क्वार्टर मिळून आठवडाच झाला होता. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्य प्रदेशात राहिलं, तेव्हा आधीचा कारकून बदली करून घेऊन नागपूरला निघून गेला आणि काळीकुट्ट मोरी मागे ठेवून गेला. मुकुंदानं निरोप धाडला, दादा, येताना मोरी घासायला तेजाब आणा. केशवरावांनी ती अ‍ॅसिडची बाटली आणली. बाटली देताना दुकानदार नत्थूजीनं दोनदा बजावलं होतं की दारखिडकी सताड उघडी ठेवायची, हाताला लागू द्यायचं नाही, आणि यात ब्लीचिंगची पूड तर चिमूटभरही पडता कामा नये. त्याचा धूर उठतो, माणूस जागच्या जागी आडवा होतो.

हे सगळं केशवराव बसमध्ये घोकत आले. आणि घरी येऊन काय केलं? बाटली उंबऱ्यावर ठेवली, खाकरले आणि अंगणातल्या खाटेवर जाऊन बसले. मुकुंदा आला की त्याला सांगू, तो तिला सांगेल. आता काय म्हणावं या अकलेला! तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. समोर भासरे बसलेले, लुगडं वर खोचून मोरी घासायची, म्हणून पोरीनं दार आतून लावून घेतलं. विहिरीत टाकायला आणलेला ब्लीचिंगच्या पुडीचा डबा ती आत नेत होती, तेही केशवरावांनी पाहिलं होतं. पाहिलं आणि रीतीप्रमाणे मान वळवली.

खोकला एकदम थांबला. बादली कलंडल्याचा आवाज झाला.

 केशवराव शेजारच्या भिंतीकडे धावले, देवकाबाईंना हाका मारल्या. कोणी बाईमाणूस आत गेलं तर बरं, हेच अजून डोक्यात. देवकाबाई भिंतीवरून डोकावल्या. पण बाई वळसा घालून आत येईतो पोरगी उरेल का?

"टांगा आणा," एवढंच ते म्हणाले, आणि मागे वळले.

"उषा! दार उघड!"

चार वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव त्यांच्या तोंडून निघालं.  त्यांनी उपरणं रांजणात बुचकळून नाकातोंडाला बांधलं आणि खांद्यानं दाराला धडक दिली. तिसऱ्या धडकेला कडी उखडली. आत पिवळट धूर होता. डोळ्यांत सुया घुसल्यागत झालं. उषा भिंतीपाशी मुटकुळं होऊन पडली होती. त्यांनी तिच्या काखेत हात घालून तिला ओढत अंगणात आणलं, पार फाटकापर्यंत, वाऱ्यावर. मग तांब्यामागून तांब्या तिच्या डोळ्यांवर, हातांवर ओतत राहिले. देवा, एवढी वाचव, असं ते मोठ्यानं म्हणत होते आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिच्या छातीतून घरघर करत श्वास आला. शुद्धीवर येता येता तिचा हात पदराकडे गेला.

"राहू दे. तोंड उघडं ठेव. हवा घे."

आणि मग त्यांना थांबताच येईना. दोन्ही एकात मिसळायचं नसतं, दार उघडं ठेवायचं असतं, त्याचा धूर होतो, नत्थूजीनं सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. ते बोलत होते आणि पाणी ओतत होते.

उषानं लाल डोळे उघडून सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"कवा सांगतलं?" तिचा आवाज फाटला होता.

केशवरावांनी तांब्या खाली ठेवला.

"सकाळी," ते म्हणाले. "बाटली देतानी."

टांगा फाटकाशी येऊन उभा राहिला. देवकाबाई धावत आल्या, तिला उठवू लागल्या. तरी उषानं नजर खाली केली नाही.