ताठ मानेची स्प्रिंग

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. त्यात तुमचा दोष नाही. मी मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपच्या डाव्या नळीत, तेलात बुडून उभी असते. उजव्या नळीत माझी जुळी बहीण आहे. खड्डा आला की दबायचे आणि लगेच उठायचे, एवढेच कारखान्याने आम्हाला शिकवले. बोलायला शिकवले नाही.

आमचे मालक अजिनाथ घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करतात. त्यांच्या पत्नी राहीबाई त्याच गाडीच्या हँडलला टोपली अडकवून गावरान अंडी विकायला नेतात. कोंबड्या त्यांच्या, कमाईही त्यांचीच. बरीच वर्षे एकही अंडे फुटले नाही. कौतुक कोंबड्यांचे झाले.

एकदा बाजारात कोणीतरी म्हणाले, "अजिनाथराव, गाडीनं मान टाकली की वो."

मान टाकलेल्या बैलाचे दात बघायलाही गिऱ्हाईक थांबत नाही. मालकांनी तडक छगन मिस्त्रींचे गॅरेज गाठले.

"पुढनं उचल. मान वर पायजे."

"रस्त्याला कडक बसंल, दाजी."

"रस्ता कोन बघतंय? बाजारात गाडी उभी असती."

छगन राहीबाईंच्या माहेरचे. दाजींचा शब्द मोडायचा कसा? त्यांनी नळीचे टोपण काढले, माझ्या डोक्यावर पाइपचा तुकडा ठेवला आणि टोपण पुन्हा आवळले. बहिणीचेही तसेच केले. आम्ही बसल्या जागी दबलो आणि गाडी ऐटीत उंच झाली. मात्र राहीबाईंच्या हलक्या वजनाला आम्ही हलेनाशा झालो. खड्डा थेट टोपलीत जाऊ लागला.

अंडी फुटली. कवच टणक व्हावे म्हणून मालकांनी कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा सुरू केला. पुन्हा फुटली. मग ठपका राहीबाईंच्या चालवण्यावर आला. मी आतून ठणठण वाजले, तर मालकांनी साखळीला तेल दिले. शेवटी ते छगनकडे गेले.

"अंडी फुटत्यात. पुढनं अजून ढिली हाय."

"तसं न्हाई, दाजी..."

"मी सांगतो ना."

आणखी मोठा तुकडा बसला.

पुढच्या बाजाराला टोपलीतून चाकावर पिवळे ओघळ आले. राहीबाईंनी टोपली काढून डोक्यावर घेतली. "ही तुमची गाडी दावनीला बांधा," त्या म्हणाल्या, "वैरन मी घालते. अंडी घेऊन मी चालत जाते."

मित्रांनो, गाडी पुसा, तेल घाला. पण तिचे काही आवळण्याआधी, तिच्यावरून रोज जाणाऱ्याला एकदा विचारा.

आता मी बैलांच्या रांगेत मान वर करून उभी असते. येणारेजाणारे हँडल दाबून बघतात आणि म्हणतात, "लई ताकद हाय." समोरून राहीबाई टोपली घेऊन जातात. त्यांना वाकून नमस्कार करावासा वाटतो.

वाकता येत नाही.