नव्या माणसाला कुकर

चर्चमधली रविवारची गर्दी आटत चालली होती. नुकत्याच बदलून आलेल्या पाळकांनी त्यावर उपाय काढला: जो पहिल्यांदाच उपासनेला येईल, त्याला एक प्रेशर कुकर भेट. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. "उद्या मिक्सर वाटाल!" पण एका दुकानदारानं खोकी आणून टाकली, आणि ती वाटायचं काम वायरमनच्या गळ्यात पडलं. पंखा बिघडो की माइक, चर्चमधलं सगळं त्याच्याच वाट्याला यायचं.

रविवारी बाक गच्च भरले. उपासना संपल्यावर दाराशी रांग लागली. वायरमन खोकं द्यायचा, "पुन्हा या" म्हणायचा, की पुढचा हात. एकदा मान वर केली, तर समोर सख्खा धाकटा भाऊ.

दोघांत बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटा कामासाठी परगावी होता. तो पोचायच्या आत थोरल्यानं दफन उरकलं होतं. "माझी वाटही नाही पाहिलीस," एवढं बोलून तो जो गेला, तो पुन्हा इकडे फिरकला नव्हता.

"कुकर," धाकटा म्हणाला.

"हे नव्या माणसांसाठी आहे. तुझा तर बाप्तिस्माच इथे झालाय."

"मग मी जुना?"

वायरमन गोंधळला. हो म्हणावं, तर त्याला रिकाम्या हाती पाठवायचं. नाही म्हणावं, तर भावालाच परकं केल्यासारखं.

"पण तू आलास कसा?"

"वहिनीचा फोन आला. म्हणाली, कुकर मिळतोय, या."

वायरमननं वळून पाहिलं. बायको खुर्च्या उचलण्यात अगदी गर्क होती. सकाळी चहा पिताना तिनं अवाक्षर काढलं नव्हतं.

"अहो, आवरा की!" मागून कुणीतरी ओरडलं. पाळक लगबगीनं आले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! "स्वागत आहे हं तुमचं," म्हणत त्यांनी खोकं धाकट्याच्या हातात ठेवलं आणि वायरमनला म्हणाले, "यांना जरा आपलं आवार दाखवा."

याच आवारात दोघांनी लहानपणी गुडघे फोडून घेतले होते. तरी वायरमन मुकाट्यानं पुढे झाला.

मागच्या दफनभूमीत त्यानं आईची कबर दाखवली. धाकटा खोकं बगलेत धरून उभा राहिला. ते खाली ठेवावं की नाही, हेही त्याला ठरवता येईना. शेवटी वायरमननंच ते काढून घेतलं.

"का नाही थांबलास, दादा?"

"सगळे म्हणाले, ऊन फार आहे, उशीर नको. मला काही सुचतच नव्हतं रे. जो जे सांगेल, ते करत गेलो."

"मला वाटलं, तुला मी नकोच होतो."

"असं कसं वाटेल?"

"वाटलं खरं."

वायरमननं खोकं पुन्हा त्याच्या हातात दिलं आणि दोघं परत फिरले. फाटकापाशी धाकट्यानं विचारलं, "पुढच्या रविवारी काय वाटणार?"

"काही नाही. खोकी संपली."

"बरं," म्हणून तो निघून गेला.

वायरमननं घरी येऊन बायकोला गाठलं. "बरं म्हणजे येणार, की नाही येणार?"

"मला काय विचारता? भाऊ तुमचा!"

पुढच्या रविवारी बरेच बाक रिकामे होते. पाळक हिरमुसले. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं असताना धाकटा आला आणि मागच्या बाकावर बसला. माइकची तार तशीच सोडून वायरमन त्याच्यापाशी गेला.

"आज का आलास?"

धाकट्यानं जरा विचार केला. "नक्की नाही सांगता येत," तो म्हणाला आणि थोडा सरकला.

वायरमन शेजारी टेकला. गाण्याचं कुठलं कडवं चाललंय, ते त्याला काही केल्या सापडेना. धाकट्यालाही नाही.