शिक्का नसलेला पोशाख

मित्रांनो, नाक मुरडू नका. हा क्लोरीनचा उग्र वास माझाच आहे. पोहण्याच्या शर्यतीत घालायचा, खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा काळा पोशाख म्हणजे मी. आता कपाटाच्या खालच्या खणात पडून असतो. माझी हकीकत गोड नाही, पण सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या शिवणीत दोरा नाही. माझे तुकडे उष्णता देऊन एकमेकांना चिकटवले आहेत. पाठीवर, मानेखाली, एक कडक पट्टी होती आणि तिच्यावर मान्यतेचा शिक्का होता. त्या शिक्क्याकडे तेव्हा कुणी ढुंकूनही पाहत नसे.

मला घरी आणलं एका आत्याने. ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची. भाऊ गेल्यावर त्याच्या मुलीला तिनेच वाढवलं होतं. ही मुलगी पाण्यात पाय असे झाडायची की तलावावरचे सर तिला 'बेडकी' म्हणू लागले आणि तेच नाव पडलं. मला अंगात चढवणं म्हणजे एक दिव्यच होतं. मी टाचेवरून घसरत वर जावं म्हणून आत्या बेडकीच्या पायात आधी प्लास्टिकची पिशवी घालायची. मग दोघी मिळून मला बोटांच्या पेरांनी वर ओढायच्या, कारण नख लागलं की मी फाटलोच.

"श्वास सोड," आत्या म्हणायची.

"सोडलाय गं आत्या! आता काय जीव सोडू?"

बेडकी जिंकली की सर आत्याला म्हणत, "अर्धं पदक तुमचं हो." उरलेलं अर्धं माझं, असं मी मनातल्या मनात धरून चालायचो.

त्या कडक पट्टीने मात्र बेडकीच्या मानेखाली लाल चट्टा उठायचा. एकदा तो चिघळला. आत्याने बारीक कात्री घेतली आणि इतक्या हलक्या हाताने पट्टी काढली की मला साधा ओरखडाही आला नाही. पट्टी केराच्या टोपलीत गेली. बेडकी खूश झाली आणि मीही सुटलो म्हणून खूश झालो.

आमच्या तलावाच्या संघटनेत पोहणाऱ्या प्रत्येक मुलाचं घरातलं एक मोठं माणूस सभासद असतं. सभा भरते सरावाच्याच वेळी, वरच्या खोलीत. पालक आयतेच बसलेले असतात, त्यांना पुन्हा कशाला बोलवा! त्यामुळे ज्यांच्यासाठी नियम होतात ती मुलं खाली पाण्यात, सर काठावर आणि हात वर करणारे वरच्या मजल्यावर. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्या दिवशी मी पिशवीत, आत्याच्या मांडीवर होतो. सचिव एकामागून एक ठराव भराभर वाचत होते. त्यातच एक आला: यापुढे पाठीवर शिक्का नसलेला पोशाख बाद. सगळ्यांना तपासायला माणसं नाहीत, म्हणून शर्यत झाल्यावर फक्त पहिल्या दोघांची तपासणी. मला धडकी भरली. आत्या मात्र पेंगत होती. सकाळपासून इस्त्रीपुढे उभी राहून तिचे पाय भरून आले होते.

एक आजी उठल्या. त्या स्वतः एकेकाळी शर्यती पोहलेल्या आणि आता नातवाला घेऊन येणाऱ्या.

"अहो, पण पोहणाऱ्यांना विचारलंत का कुणी? एखाद्याचा शिक्का पुसला असेल, निघाला असेल, त्याने काय करायचं?"

"आजी, हरकत आठवडाभर आधी कळवायची असते," सचिव म्हणाले.

"बसा हो आजी, आम्हाला घरी जाऊन स्वयंपाक करायचाय!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. त्या हसण्याने आत्या जागी झाली.

"मंजूर?"

सगळ्यांचे हात वर गेले, म्हणून आत्याचाही गेला. आजींचा तेवढा खाली राहिला.

सरांना नियम कळला, पण आपल्या मुलांचे पोशाख शिक्क्याचेच आहेत, या खात्रीवर ते निर्धास्त राहिले.

मग संघटनेने घेतलेली निवडीची शर्यत आली. पहिल्या दोघींना प्रशिक्षण केंद्रात जागा मिळणार होती, राहणं-जेवण-शिक्षण सगळं तिथेच. वयाच्या अटीमुळे बेडकीची ही शेवटची संधी होती. ती पहिली आली. धापा टाकत वर आली, तर तपासनीस बाईंनी तिची पाठ वळवली.

"शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का?"

आत्या प्रेक्षकांतून धावत आली. "होता हो! मीच कापला. पोरीला टोचत होता. पोशाख तोच आहे, हात लावून बघा!"

"बाई, नियम तुमच्याच सभेत झालाय. तुम्ही होता का सभेला?"

"होते."

"हात वर केला होता?"

आत्याने मान खाली घातली. बेडकी ओल्या अंगाने तिच्याकडे बघत राहिली.

"आत्या, तुला माहीत होतं?"

'मी झोपले होते' हे सांगण्यापेक्षा गप्प राहणं आत्याला सोपं वाटलं असावं. जागा तिसऱ्या मुलीला मिळाली.

बेडकी पुन्हा पाण्यात उतरली नाही. आता ती त्याच लॉन्ड्रीत कपड्यांच्या घड्या घालते. आत्याशी बोलते, पण कामापुरतं. मला हे बघवत नाही.

पुढच्या सभेला आत्या मला घेऊन गेली. यावेळी ती टक्क जागी होती. पहिला ठराव वाचून होताच ती उठली.

"पोशाख शर्यतीच्या आधी तपासा. एवढंच म्हणायचंय मला."

"तुमची मुलगी पोहते का आता?" सचिवांनी विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही सभासद नाही. तुम्हाला इथे बोलता येणार नाही."

"बोलू द्या की तिला!" आजी कडाडल्या. बाकीचे घड्याळाकडे बघत होते. आत्या मला उचलून जिना उतरली, आणि वर ठरावांचं वाचन पुन्हा सुरू झालं.

मित्रांनो, मला पिळू नका, कडक उन्हात वाळवू नका, असं खरं तर मी तुम्हाला सांगायला हवं. पण माझी काळजी आत्याने काय कमी घेतली होती? तुमच्या घरचं मोठं माणूस तुमच्या वतीने कुठे सभेला गेलं, तर ते परत आल्यावर त्याला विचारा, काय ठरलं? नीट सांगेपर्यंत त्याला सोडू नका. बेडकीनेही विचारलं, पण तोवर ती पोहून बाहेर आली होती.